अंगावरचं दूध

शिवगंगाला एस.टी.त कंडक्टरची नोकरी लागली, तेव्हा तिच्या लेकीला, दामिनीला दोन वर्षं उलटून गेली होती आणि ती अजून अंगावर पीत होती. नेमणूक मिळाली हदगाव डेपोला. घर चाकूरजवळच्या खेड्यात, मधे अर्धा नांदेड जिल्हा आडवा. नवरा मृत्युंजय म्हणाला, शेत मी बघतो, पोरीला माझी आई बघेल, तू जा. सासूला तर बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या पोरीला पाजतात म्हणून भावकी हसायची. आता आपोआप सुटेल, असा तिचा हिशेब होता.

"आता त्यात काय ऱ्हायलंय? नुसतं पाणी हाय," ती म्हणायची.

शिवगंगा वाद घालत नसे. पण चाकूरच्या डॉक्टरीणबाईंनी लस टोचताना सांगितलेलं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. पुढंपुढं दूध कमी येतं, पण रोगाशी झुंजायची ताकद त्यात असतेच; भाकरी-वरण सगळं द्या आणि दोघींना हवं तोवर हेही चालू ठेवा. म्हणून जाताना तिने ठरवलं, दूध आटू द्यायचं नाही.

हदगावात ती कहकशांसोबत एका खोलीत राहू लागली. कहकशांही त्याच डेपोत कंडक्टर होती. ड्यूटीआधी आणि ड्यूटीनंतर शिवगंगा मोरीत बसून दूध पिळायची. इतक्या लांब ते पाठवणार कसं? ओतून द्यावं लागे. ओतताना ती दुसरीकडे बघायची. गाडीत कुणाचं लेकरू रडलं की छातीत कळ येऊन खाकी शर्ट ओला व्हायचा. एकदा मनाठ्याला उतरणाऱ्या एका म्हातारीने ते पाहिलं आणि आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला.

सुट्टीच्या दिवशी मिळेल त्या गाडीने ती घर गाठायची. दामिनी अंगणातूनच तिला ओढत आत न्यायची आणि पिता पिता एका हाताने आईच्या हनुवटीवरचा तीळ चाचपत राहायची. तेवढ्यावर शिवगंगाचा आठवडा निघायचा.

दिवाळीत जादा गाड्या सुटल्या आणि सुट्ट्या बंद झाल्या. आठवड्यामागून आठवडे गेले. व्हिडिओ कॉलवर दामिनी आधी "आई ये" म्हणायची, मग नुसती बघत राहायची, पुढे बघेनाशीही झाली. इकडे दूधही थेंबाथेंबावर आलं. तरी शिवगंगा मोरीत बसायची सोडत नव्हती.

अशात एका सकाळी मृत्युंजयचा फोन आला. गावात लेकरांना हगवण लागली होती. दामिनीला चाकूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, सलाईन लावलं होतं. तोंडात मात्र ती काही घेईना, चमच्याने पाणी दिलं तरी थुंकत होती. कहकशांने शिवगंगाच्या हातातून तिकिटाचं मशीनच काढून घेतलं. तुझी फेरी मी करते, साहेबांना मी सांगते, तू आधी निघ, म्हणाली.

नांदेडपर्यंत उभ्याने आणि तिथून लातूरच्या गाडीने ती चाकूरला उतरली. दामिनी आजीच्या मांडीवर पडून होती, डोळे खोल गेलेले. शिवगंगाने हात पुढे केले. पोरीने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून आजीच्या पदरात खुपसलं. शिवगंगा हात तसेच धरून उभी राहिली. वाटेत तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं होतं, पण हे आलं नव्हतं.

सासू सरकून बसली. "बस हितं. घे तिला. इसरली न्हाई ती, रुसलीय."

आणि स्वतःचा पदर तिने आडोशाला धरला. बराच वेळ दामिनी अंग चोरून पडून राहिली. मग तिचा हात वर आला, हनुवटीवर फिरला, तिळापाशी थांबला, आणि तिने तोंड लावलं. दूध किती आलं देव जाणे, पण पोर सोडेना.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सासूनेच विचारलं, "बाई, आजून असतंय का त्यात काय?"

"असतं की. लेकराची स्वतःची ताकद पुरती तयार होईतो आईची उसनी मिळते. पण नुसत्या त्याच्यावर ही बरी होणार नाही, सलाईन चालूच राहील," बाई म्हणाल्या. "दुसरं काही घेत नाही तर हे तरी घेऊ द्या."

हळूहळू जुलाब थांबले. दामिनीने वरणाचं पाणी मागून घेतलं आणि ती घरी आली. शिवगंगा परत निघाली, तर सासू पिशवी भरून दारात उभी. "म्याबी येते पोरीला घेऊन. म्हैस मृत्युंजय बघंल," म्हणाली.

हदगावच्या त्या खोलीत मग चौघी राहू लागल्या. ड्यूटीवरून आल्यावर शिवगंगा हातपाय धुऊन बसायची आणि दामिनी कुशीत शिरायची. उन्हाळा लागला तसं पोरीचं पिणं कमी होत गेलं. एका संध्याकाळी ती कहकशांच्या ताटात दूध-भाकरी कुस्करत बसली ती आईच्या कुशीत आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. शिवगंगा भिंतीला टेकून वाट बघत होती.

"झालं तिचं आता," सासू हळूच म्हणाली.

"हाव, आत्या," शिवगंगा म्हणाली. तरी पदर सावरून ती आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.