रजेचा बुल्सआय

डार्ट फळ्याला चाटूनही गेला नाही. थेट साहेबांच्या चहात जाऊन बुडाला.

"रजा नामंजूर," कपातला डार्ट चिमटीत धरून साहेब म्हणाले. "पुढचा!"

बटणांच्या कारखान्याच्या ऑफिसातलं हे नवं खूळ. साहेब कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले: बुल्सआय. "म्हणजे बैलाचा डोळा. निशाण्याचा मधला ठिपका. पण अचूक उत्तरालाही म्हणतात, नेमक्या निर्णयालाही," त्यांनी सगळ्यांना उभं करून समजावलं होतं. तेव्हापासून बिल जुळलं की बुल्सआय, बंद पंखा फिरला की बुल्सआय, कुणी शिंकलं तरी मागून बुल्सआय. इथवर ठीक होतं. मग भिंतीवर गोल फळा आला आणि रजेचे अर्ज बंद झाले. लाल ठिपक्यात डार्ट मारायचा, रजा घ्यायची. त्या दिवसापासून कुणी रजेवर गेलंच नव्हतं.

चहात डार्ट बुडवणाऱ्या ताई बिलं करायच्या. त्यांना गुरुवार हवा होता. गुरुवारी वडिलांचं ऑपरेशन होतं आणि म्हातारा हटून बसला होता, "तू समोर असलीस तरच मी आत जाईन, नाहीतर उठून घरी."

ताईंनी घरी कपाटाच्या दारावर लिपस्टिकचा ठिपका काढला.

"अगं, कपाट आहे की चाळण?" नवरा म्हणाला.

"अहो, बाजूला व्हा."

"शर्ट शोधतोय मी!"

"मग खाली वाकून शोधा."

तो वाकला. डोक्यावरून डार्ट सूंकन गेला. जेवताना, फोनवर बोलताना, दात घासतानासुद्धा ताईंचा उजवा हात हवेत काहीतरी फेकत असायचा.

मंगळवारी त्यांनी ऑफिसात डार्ट मारला. लाल ठिपक्याच्या बरोब्बर मध्ये.

साहेबांनी अशी आरोळी ठोकली की खालचे कामगार जिना चढून वर आले.

"गुरुवारी मुख्य ऑफिसची माणसं येतायत! त्यांच्यासमोर हेच करून दाखवायचं, ताई."

"पण साहेब, गुरुवारचीच तर रजा..."

"शुक्रवार घ्या. शनिवारही घ्या! आख्ख्या ऑफिसात नेम लागलेल्या तुम्ही एकट्या. तुम्हाला कसं सोडणार?"

"वडिलांचं ऑपरेशन आहे हो."

"करतील डॉक्टर. तुम्ही थोड्याच करणार आहात? उद्या तालीम."

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "येतेस ना?"

"येते."

"नक्की?"

"म्हटलं ना, बाबा." फोन ठेवून ताई घरभर फिरल्या. चालू असलेला गॅस बंद केला, बंद केलेला पुन्हा चालू केला.

बुधवारी तालमीला साहेब स्वतः पाहुणा बनून खुर्चीत बसले. पायावर पाय, चेहऱ्यावर मुख्य ऑफिस.

पहिला डार्ट दाराच्या चौकटीत.

"होतं असं," साहेब म्हणाले.

दुसराही चौकटीत. साहेबांचा पाय खाली आला. तिसरा डार्टही तिथेच रुतला.

"अहो, काय हे! पाहुण्यांपुढे असं केलंत तर माझी खुर्ची जाईल. काल नशिबाने लागला होता तुमचा!"

"असेल, साहेब."

"उद्या इथे दिसू नका. समजलं? दिसूच नका!"

"बरं."

ताई टेबलाशी जाऊन पर्सची चेन लावू लागल्या. ती दोनदा अडकली.

केर काढणाऱ्या मावशी डार्ट काढायला दाराशी गेल्या आणि थबकल्या. तिन्ही डार्ट एकमेकांना इतके खेटून रुतले होते की मधे बोट जाईना. मावशींनी वळून ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान वर केली नाही.

"काय झालं?" खुर्चीतून साहेब ओरडले. "निघत नाहीत का?"

मावशी साहेबांकडे पाठ करून चौकटीसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"निघतात की," त्या म्हणाल्या आणि तिन्ही डार्ट त्यांनी एकाच मुठीत उपटले.