कोबीला इस्त्री

दुआन सर आमच्या शाळेत इंग्रजीचे विभागप्रमुख आहेत आणि ‘सातशे जोड्या’ या पुस्तकाचे कर्तेही. त्यांना पुस्तकाबद्दल विचारा, तासभर बोलतील. इंग्रजीत काही विचारलंत, की त्यांना लगेच दुसऱ्या खोलीत काम निघतं. पुस्तकात डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे त्याच्या तोडीचा आपला चार अक्षरी चिनी वाक्प्रचार. डावीकडे ‘कुत्री-मांजरं पडणं’, उजवीकडे ‘घंगाळं उपडं केल्यासारखा पाऊस’. पाठ करा, झालं इंग्रजी! रोज सकाळी सातला हुनानातल्या आमच्या तालुक्यातली सगळ्या शाळांची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत या जोड्या घोकत असतात.

आमच्याकडे बोलण्यात जितके चार अक्षरी वाक्प्रचार, तितका माणूस विद्वान. लग्नातलं भाषण असो की शोकसभा, ते पेरल्याशिवाय कोणी खाली बसत नाही. मग इंग्रजांचंही तसंच असणार, हे दुआन सरांनी परस्पर ठरवून टाकलं. इंग्रजांना विचारायची गरज कोणाला वाटली नाही. मलाही नाही. मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि आजवर एकाच गोऱ्या माणसाशी बोलले आहे. त्याने बसस्टँड विचारला होता. मी त्याला नदीकडे पाठवलं.

रुइफांगचं तसं नव्हतं. शाळेत येण्याआधी ती तीन वर्षं डोंगरावर परदेशी प्रवाशांना फिरवायची. खरं इंग्रजी बोलता येणारी आमच्याकडे ती एकटीच, आणि म्हणूनच सहा वर्षं कंत्राटावर लटकली होती. कायम नोकरीच्या मुलाखतीत ती दोनदा आपटली. शंभरातले पन्नास गुण वाक्प्रचारांच्या जोड्यांना असतात. गेल्या वर्षी तिने पावसावर इतकं स्वच्छ इंग्रजी बोलून दाखवलं की मलासुद्धा सगळं कळलं. दुआन सरांनी जोड्यांच्या रकान्यात शून्य घातलं आणि म्हणाले, “सोपं बोलते हो. पोरकट.”

यंदा तिला पस्तिसावं लागलं होतं. पस्तिशीनंतर अर्जच घेत नाहीत.

“शांग बाई, या खेपेला नाही झालं तर जुलैत मला नारळ देतील,” ती मला म्हणाली. “मग काय करू? परत डोंगर चढू, या गुडघ्यांनी?”

“अगं, मग कर ना पाठ त्या जोड्या! जीव जातोय का?”

“बाई, तीन वर्षांत एकाही प्रवाशाच्या तोंडून मी ती कुत्री-मांजरं ऐकली नाहीत. ते म्हणतात, फार पाऊस आहे, संडास कुठे आहे?”

मुलाखतीला आम्ही तिघं बसलो होतो. मध्ये दुआन सर, त्यांच्या उजवीकडे सुपारी चघळणारे शिक्षण खात्याचे कुआंग साहेब आणि डावीकडे मी. कुआंग साहेबांना इंग्रजीतलं फक्त ‘ओके’ येतं, पण ते पहिल्यापासून अधिकारी आहेत, त्यामुळे त्यांचं कुठे अडत नाही.

रुइफांग आली आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाली, “आपल्यासारख्यांपुढे मी बोलणं म्हणजे कोबीला इस्त्री करणं.” मग चिनीत जोडी दिली, “सापाचं चित्र काढून वर त्याला पाय काढणं.”

कुआंग साहेबांनी दुआन सरांकडे पाहिलं. दुआन सरांची पेन्सिल हवेतच थबकली. हा वाक्प्रचार त्यांनी ऐकला नव्हता, पण सातशे जोड्यांच्या कर्त्याने तसं म्हणायचं कसं? त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. “जुना आहे. हल्ली फारसा कोणी वापरत नाही.” आणि खूण केली. त्यांची मान हलली म्हणून साहेबांची हलली. साहेबांची हलली म्हणून माझी.

मग काय, तिने धडाकाच लावला. माशाला छत्री उसनी देणं, म्हणजे गायीपुढे वीणा वाजवणं. सरदाराच्या टोपीत घोरणं, म्हणजे वाघाच्या जिवावर कोल्ह्याने मिरवणं. हे शेवटचं तिने आम्हा तिघांकडे एकेक करून पाहत म्हटलं. दुआन सर म्हणाले, “वा!” पन्नासपैकी पन्नास.

निकालात तिचं नाव लागलं त्या दुपारी आम्ही दोघी तांदळाच्या शेवया खायला गेलो. तिने वाटीत चांगली तीन चमचे मिरची घातली.

“इतके जुने वाक्प्रचार मिळाले कुठे गं तुला?” मी विचारलं.

“बाई, खरंच कळलं नाही तुम्हाला?” ती हसू लागली. “कोबीला कोण इस्त्री करतं?”

मी शेवयांची वाटी बाजूला सारली. हसू आलं, पण आधी तोंडावर मारल्यासारखं झालं. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि मी कोबीला मान डोलावली होती.

सप्टेंबरात पुस्तकाची नवी आवृत्ती आली, ‘सातशे तीन जोड्या’. दुआन सरांनी प्रस्तावनेत लिहिलं होतं की हे तीन दुर्मीळ वाक्प्रचार त्यांना अनेक वर्षांच्या शोधानंतर सापडले. मी पुस्तक घेऊन तडक रुइफांगला गाठलं.

“आता सांगायला हवं. पोरं परीक्षेत लिहितील हे!”

तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. “सांगा की. मला काढतील, तुमची चौकशी लावतील आणि दुआन सरांना बढती देतील. पहिलं वर्षभर माझी नोकरी कच्चीच आहे बाई. एवढं वर्ष जाऊ द्या.”

मी जाऊ दिलं.

ऑक्टोबरात तिच्या तासाची तपासणी झाली. मागच्या बाकावर दुआन सर आणि त्यांच्या शेजारी मी, दोघांच्या मांडीवर गुणांचे तक्ते. रुइफांगने फळ्यावर नवी जोडी लिहिली. छप्पन्न पोरांनी वर्ग दणाणून सोडला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली निंग उभी राहिली. चुणचुणीत पोर आहे, जीव लावावा अशी.

“बाई, तुम्ही तर डोंगरावर गोऱ्या लोकांबरोबर होतात ना? ते खरंच असं म्हणतात?”

दुआन सरांनी मान वर केली. रुइफांगने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या तक्त्यात पाहिलं.

“म्हणतात ना,” रुइफांग म्हणाली. “रोज म्हणतात.”

“पण बाई, कोबीला कोण इस्त्री करणार?”

“निंग, प्रश्न पुरे. पाठ कर.”

वर्ग पुन्हा ओरडू लागला. निंग मात्र पुस्तक मिटून गप्प उभी होती. रुइफांग तिच्या बाकाशी गेली, मिटलेलं पुस्तक उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “मोठ्याने.”

निंगने तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं, मग खाली बोटाकडे, आणि मोठ्याने वाचलं. दुआन सरांनी समाधानाने खूण केली. मला रुइफांगची लाज वाटली, त्याहून जास्त माझी. मी पेन्सिल उचलली आणि शिस्तीच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण लिहिले.