बाजाराला गेलेला फलक

मित्रांनो, मी सागाच्या चौकटीचा एक जुना सूचनाफलक आहे. लांबी चार फूट, उंची तीन फूट. पोटात भुशाचा मऊ तक्ता, त्यावर हिरवं कापड, पुढे काचेची दोन दारं आणि मधोमध पितळी कुलूप. हे सगळं एकेकाळी होतं. आज काच नाही, कुलूप नाही, आणि हिरव्या कापडाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर पिवळा डाग आहे. माझी गोष्ट त्या डागाची आहे.

माझा जन्म १९९३ सालचा, नागभीडचा. गुलाम रसूल मिस्त्रींनी मला घडवलं. माझे चारही कोपरे त्यांनी खिळ्याशिवाय जोडले, एका लाकडाचे दात दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवून. पंधरा दिवस सावलीत वाळवल्याशिवाय त्यांनी मला वॉर्निशचा हात लावला नाही. गावातल्या कॉलेजात मला पोचवताना ते म्हणाले, "सर, हा फलक तुमच्यानंतरही राहील. नाराज नका होऊ, तुमच्या नोकरीला साठ सालची मर्यादा आहे, सागाला नाही."

ज्यांना हे म्हटलं ते श्रीहरी सर रसायनशास्त्र शिकवत. विद्यापीठाच्या सांगण्यावरून कॉलेजात रोजगार मार्गदर्शन कक्ष निघाला, तो त्यांच्याकडे आला. कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि बाहेरच्या भिंतीवर मी. काम कसं चाले ते सांगतो. एखाद्या कारखान्याला माणसं हवी असली की तो सरांना पत्र पाठवी. कोणत्या विषयाची मुलं हवीत, किती हवीत, पगार काय, आणि मुलाखत कधी, हे त्यात लिहिलेलं असे. सर ते पत्र माझ्या पोटात लावत, दारं बंद करत, कुलूप घालत आणि वहीत तारीख टिपत. सूचना सात दिवस राही. आठव्या दिवशी हरिदास ती काढी.

हरिदास कक्षाचा शिपाई. कडक इस्त्रीची टोपी, तोंडात तंबाखू आणि सगळ्यांशी नातं. रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं माझी काच पुशी आणि म्हणे, "चाल राजा, कोनाचं नशीब लावतं आज?"

लोकांची नशिबं माझ्यावर लागतात, याचा मला फार अभिमान वाटे. पण खरं सांगायला हवं, म्हणून मी एकदा दिवसभर मोजलं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात माझ्यासमोर एकतीस जण थांबले. त्यातल्या एकोणीस जणांनी काचेत बघून भांग पाडला. नऊ जणांनी पहिली ओळ वाचली. दोन जण सावलीसाठी उभे होते. सगळं वाचणारी एकच होती. रश्मी मेश्राम.

रश्मी दोन कोसांवरच्या पळसटोलीची. आई कमलाबाई लोकांच्या बांधीत मजुरी करी. धानाच्या शेताला इथे बांधी म्हणतात. रश्मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि रसायनशास्त्रात वर्गात पहिली. ती मला खालून वर वाची. आधी तारीख, मग पगार, मग विषय, आणि शेवटी कारखान्याचं नाव. एकदा हरिदासनं विचारलं, "काऊन बाई, उलटी वाचतं?"

"नाव वाचलं की मन लागते भाऊ," ती म्हणाली. "मग तारीख निघून गेलेली राह्यते."

तिला प्रयोगशाळेतली नोकरी हवी होती. दुसरी कुठलीही नाही. शिक्षिकेच्या जागेची सूचना आली तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, भर अर्ज. तिनं मान हलवली. "मले मोजाचं काम पाह्यजे," ती म्हणाली. "बोलाचं नाई."

१९९७ च्या जूनमध्ये तिचा निकाल लागला. त्यानंतरही महिनाभर ती दोन कोस चालत येई, मला वाची आणि परत जाई. जुलैच्या मध्यात पाऊस जमला, बांध्या भरल्या आणि रोवणा सुरू झाला. रोवणा म्हणजे धानाचे परे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून चिखलात पुन्हा लावणं. त्या पंधरा-वीस दिवसांत आमच्या मुलखात घरी कोणी राहत नाही. शिकलेला, न शिकलेला, सगळे बांधीत वाकलेले असतात. जाताना रश्मी म्हणाली, "हरिदासभाऊ, काही आलं तर सांगजा."

"सांगतो ना. मी काय मेलो का?" हरिदास म्हणाला. आणि चौथ्या दिवशी तोही रजेवर गेला. त्याची स्वतःची दीड एकर बांधी होती.

त्याच दुपारी पत्र आलं. चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेला सहा जण हवे होते. बी.एस्सी., रसायनशास्त्र. मुलाखत बरोबर आठ दिवसांनी, कॉलेजातच. खाली एक ओळ होती: किमान पंधरा उमेदवार नसल्यास पुढील वर्षापासून या महाविद्यालयाचा विचार केला जाणार नाही.

श्रीहरी सर अमरावतीकडचे, कापसाच्या मुलखातले. सुट्ट्या लागल्या की ते गावी जात. रोवणा त्यांनी पुस्तकात वाचला होता. त्यांनी पत्र माझ्यात लावलं, कुलूप घातलं, तारीख टिपली. त्यांच्या मते काम झालं होतं. माझ्याही मते झालं होतं, मित्रांनो. मी छाती काढून उभा होतो.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर चार जण थांबले. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी एक शेळी. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सूचना माझ्या पोटात होती, अक्षर सुंदर होतं, काच स्वच्छ होती, आणि जिच्यासाठी ती आली होती ती दोन कोसांवर गुडघाभर चिखलात होती. मला ओरडता येत नव्हतं.

ठरल्या दिवशी कारखान्याचे कुलदीप साहेब नागपूरहून छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेनं, आले. हातात चामडी बॅग, बुटांना चिखल. समोर उमेदवार तीन. त्यातला एक वाचनालयाचं पुस्तक परत करायला आला होता.

माझ्यासमोर उभं राहूनच ते सरांना म्हणाले, "प्रोफेसर साहेब, तुमच्या मुलांना नोकरी नको आहे काय?"

"सूचना सात दिवस लावली होती," सर म्हणाले. "नियमाप्रमाणे." त्यांचा आवाज बारीक झाला होता.

तेवढ्यात हरिदास रजेवरून परतला. नखांत चिखल, टोपी मात्र इस्त्रीची. त्यानं माझ्यातली सूचना वाचली, तारीख वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! साहेब, सारा रोवणा सुरू हाय. आता तुमाले कालेजात कोन भेटन? ज्याच्या हाताले चिखल नाई, तोच इथी येईन. आन् त्याले तुमी घेसान काय?"

कुलदीप साहेब हसले नाहीत. पण बॅग त्यांनी खाली ठेवली. "मग कुठे भेटतील?"

"परवा बाजार हाय. बाजाराच्या दिवशी रोवणा बंद राह्यते. नमक-तेल आनाले सारेच येतेत."

"परवा दुपारच्या गाडीनं मला परत जायचं आहे."

"गाडी दुपारची हाय ना? बाजार सकाळपासून भरते."

साहेबांना ब्रह्मपुरीला दुसरं काम होतंच. ते परवा यायला तयार झाले. सर म्हणाले, "पण सूचना तर इथे आहे. बाजारात कशी लावणार? कागद नुसता झाडाला टाचला तर कोण खरा मानेल?"

हरिदासनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यालेच नेऊ."

गुलाम रसूल मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी माझ्या मागचे स्क्रू पाहिले आणि चिडले. "मी याला निघायला नाही ठोकलं हरिदास! चार साल झाले, एक इंच हलला का?"

"हलला नाई म्हनूनच तर घोटाळा झाला चाचा," हरिदास म्हणाला.

मिस्त्रींनी माझ्या चौकटीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी पेचकस काढला.

बाजाराच्या सकाळी मी हातगाडीवर झोपून आकाश पाहिलं. भिंतीवरच्या वस्तूला आकाश म्हणजे काय हे ठाऊक नसतं. मला कडुलिंबाच्या झाडाला बांधलं. एका बाजूला सुक्या मासोळीची टोपली, दुसऱ्या बाजूला मातीची मडकी. सरांनी कुलूप काढलं आणि दारं सताड उघडली. हरिदास दवंडी दिल्यासारखा ओरडू लागला, "बी.एस्सी. झालेले, रसायनवाले! बांधीत हात असन त हात धुवा, इथी या! साहेब दुपारच्या गाडीनं जाऊन राह्यला!"

"किती रुपये किलो?" मासोळीवाली बाई म्हणाली. सगळे हसले. पण थांबले. आणि मी मोजू लागलो. अकरापर्यंत नऊ उमेदवार. बारापर्यंत सतरा. कुणी हातात तेलाची बाटली घेऊन उभा, कुणाच्या खांद्यावर मिरच्यांची पिशवी. कुलदीप साहेब आधी कॉलेजात बसले होते. मग तेच बाजारात आले आणि मडकीवाल्याच्या बाकड्यावर बसून मुलाखती घेऊ लागले.

रश्मी आली नव्हती.

साडेबाराला कमलाबाई आली. एकटीच, डोक्यावर टोपली. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रवेशाच्या दिवशी तिनं मला पाहिलं होतं. ती थबकली. "अवं माय! कालेजातली पाटी इथी काऊन आली?"

"कमलाबाई!" हरिदास धावला. "पोरगी कुठी हाय?"

"घरी. पायाले चिखल्या झाल्या. हरद-तेल लावून बसली हाय. चालता येत नाई तिले."

चिखल्या म्हणजे सतत चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत पडलेल्या जखमा; त्यांवर इथे हरद, म्हणजे हळद, तेलात कालवून लावतात. गाडीला दीड तास उरला होता. हरिदासनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री आपली लुना सुरू करू लागले. ती सहाव्या लाथेला सुरू झाली, मी मोजल्या.

पन्नास मिनिटांनी लुना परत आली. मागे रश्मी बसली होती. अनवाणी, पाय पिवळे, हात पिवळे. ती आधी साहेबांकडे गेली नाही. माझ्याकडे आली. काच उघडी होती, म्हणून तिनं पहिल्यांदाच सूचनेला हात लावला आणि तारखेखाली बोट ठेवून वाचलं. कागद ओलांडून बोट कापडावर टेकलं. तो हा डाग.

"सूचना दहा दिवस लागली होती," कुलदीप साहेब म्हणाले. "वाचली नाही?"

"मी महिनाभर रोज वाचत होती साहेब," ती म्हणाली. "तुमची आली तेव्हाच मी नव्हती."

साहेबांनी विचारलं, "चुनखडीच्या दगडात चुना किती, कसं काढाल?"

"दगड कुटाचा, वजन कराचं. मोजलेलं आम्ल टाकाचं, पाह्यजे त्याच्याहून जास्त. जे उरन ते अल्कलीनं मोजाचं. टाकलेल्यातून उरलेलं वजा केलं, की दगडानं किती खाल्लं ते समजते."

"सरळ का नाही मोजत?"

"दगड पाण्यात विरघळत नाई. आम्ल हळूहळू खाते. शेवटचा थेंब कोनता, ते समजनच नाई."

साहेबांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग कागदावर काही लिहिलं. गाडीची वेळ झाली होती. त्या दिवशी एकूण तेवीस जण आले होते.

अठरा दिवसांनी यादी आली. सहा नावं. तिसरं नाव रश्मीचं. सर कुलूप शोधू लागले, तेव्हा हरिदास म्हणाला, "राहू द्या सर," आणि नावांची नक्कल करून पळसटोलीकडे जाणाऱ्या एस. टी.च्या कंडक्टरच्या हाती दिली.

त्यानंतरची सहा वर्षं माझ्या वैभवाची. कारखानेच आधी पत्र पाठवून विचारत, रोवणा आटोपला का? मुलाखती पोळ्यानंतर आणि धानकापणीच्या आधी ठेवल्या जात. प्रत्येक सूचना आधी भिंतीवर, मग बाजारात जाई. श्रीहरी सरांनी वहीत तारखेच्या पुढे एक नवा रकाना आखला: किती जणांपर्यंत पोचली?

मग हरिदास निवृत्त झाला, सरांची बदली झाली आणि संगणक आला. मला भांडारात प्रयोगशाळेतल्या मोडक्या स्टँडांच्या मागे ठेवलं. एक काच फुटली, दुसरी कुणी नेली. वाळवी आली, पण साग पाहून परत गेली. चार वर्षं मी अंधारात होतो. तिथं मोजायला काही नव्हतं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये भांडाराचं दार उघडलं. कॉलेजच्या संगणक विभागातल्या शहजादी मॅडम हातात एक छापलेला कागद घेऊन, कापडावरची धूळ फुंकत काहीतरी शोधत होत्या. त्यांना पिवळा डाग सापडला. मग त्यांनी माझ्या कोपऱ्यातल्या लाकडी दातांवरून बोट फिरवलं. "अब्बांचा जोड आहे हा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्या गुलाम रसूल मिस्त्रींच्या धाकट्या कन्या.

कागदावर लिहिलं होतं: प्रयोगशाळेसाठी आठ जण हवेत. मुलाखत पोळ्यानंतर ठेवावी. सूचना संगणकावर जरूर टाकावी. पण कॉलेजात एक जुना लाकडी फलक असेल, कापडावर हळदीचा डाग असलेला. तो बाजारात न्यावा. खाली सही होती: रश्मी मेश्राम, प्रयोगशाळा प्रमुख.

म्हातारे मिस्त्री काठी टेकत आले. शहजादी मॅडमनी नव्या काचेचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काच नको. कुलूप तर अजिबात नको."

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकण्याआधी त्यांच्यावरचे डाग एकदा वाचा. आणि सूचना लावणं तुमच्याकडे आलं, तर लावून घरी जाऊ नका. जिच्यासाठी ती आहे ती आज कुठे आहे, हे विचारा.

आज पोळा होऊन चौथा दिवस आहे. मी हातगाडीवर आहे. वर आकाश आहे, पोटात रश्मीचं पत्र आहे, आणि मासोळीवाली बाई लांबूनच ओरडते आहे, "आला वो आला, कालेजवाला आला! या वर्षी किती रुपये किलो?"