आतील सामान

‘आतील सामान : लोकरी मफलर, एक. उसवलेला नाही. मोजून बांधले.’

सुनेनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, पुडकं खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. ‘रंगपेटी, एक. रंग चोवीस. ब्रश दोन.’ ऑफिसातून आल्या पावली ती नाताळच्या झाडापाशी बसली होती, पर्ससुद्धा अजून खांद्यावरच होती.

“आई, हे सगळं तुम्ही केलंत?”

“हो. पाहुणे पाचला येणार, तुला उशीर होणार. म्हटलं, हात रिकामेच आहेत.” सासूबाई, म्हणजे आपल्या मावशी, शाबासकीची वाट बघत उभ्या होत्या. सकाळपासून राबल्यावर माणसाला तेवढं वाटणारच.

“बांधलंय फार सुरेख. पण आई, भेटी आहेत या. आत काय आहे ते बाहेरच लिहिलं, तर लोकांनी उघडायचं कशाला?”

मावशींचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगायचं तर हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

येणार तरी कसं? एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळात एकच काम केलं होतं. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, मोजायची, हिरव्या कापडात बांधून वाफेच्या यंत्रात द्यायची. प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी लागे : आत काय, किती, कोणी मोजलं. सगळं इस्पितळ त्यांना ‘गाठोडेवाल्या मावशी’ म्हणे आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. चिठ्ठीशिवाय गाठोडं बाहेर जाऊ देणं हा मात्र त्यांच्या लेखी गुन्हा होता.

ऑक्टोबरात त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे राहायला आल्या. सून चांगली होती, हीच तर पंचाईत. वाईट असती तर निदान भांडता आलं असतं. हिचं आपलं एकच पालुपद : “तुम्ही बसा, आई. आयुष्यभर खूप केलंत.” भांड्यांना हात लावला की बसा. कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या की बसा. अडीच महिने बसून बसून मावशींना वाटायला लागलं होतं, की आपण या घरात मुक्काम वाढलेल्या पाहुण्या आहोत आणि आपल्याला जा म्हणायची भीड पडतेय सगळ्यांना.

म्हणून आज सून कामावर गेली आणि मुलगा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपला, तशा मावशींनी पदर खोचला. कागद चकचकीत, घडी म्हणून धरेना. नखानं दाबून दाबून त्यांनी त्याला वळणावर आणला. कागद तिरका पसरायचा, वस्तू मधोमध. खालचा कोपरा वर, मग डावा, मग उजवा. शेवटचा कोपरा आत खोचायचा, पण टोक बाहेर ठेवायचं. ते ओढलं की पुडकं चारी बाजूंनी अलगद उघडतं, कुठे फाटत नाही. चिकटपट्टीला तर त्यांनी हातही लावला नाही. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापून चिठ्ठ्या केल्या, वरचे कोपरे छाटले, भोक पाडून लाल लोकर ओवली. जेवल्या त्या उभ्याउभ्याच. कितीतरी दिवसांनी कंबर दुखली आणि त्यांना बरं वाटलं.

आणि शेवटी हे असं झालं.

“काढून टाक सगळ्या,” त्या म्हणाल्या. “नको तिथे लुडबुड करायला गेले मी.” आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

सून एकेक चिठ्ठी सोडवू लागली. मध्येच थांबली. “आई, मी दहा वस्तू आणल्या होत्या. ही अकरावी कुणाची?”

“वाच की.”

वर ‘सूनबाई’ असं लिहिलं होतं. खाली : ‘मनगटी घड्याळ, एक. चालू आहे. वेळ लावली आहे.’

“हे तर तुम्हाला निरोपाला मिळालेलं. तुम्ही एकदाही घातलं नाहीत ते.”

“तुझी यादी फ्रिजवर होती. ती घेऊन मोजत गेले. तुझे आईबाबा, भाऊ, भावजय, त्यांची मुलगी, वरच्या मजल्यावरचे, सगळे होते. माझंही तू आधीच बांधून ठेवलेलं. एक तूच नव्हतीस. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून परत मोजलं.”

“दरवर्षी मीच आणते ना. माझं राहूनच जातं.”

“अगं, आमच्याकडे एक चिमटा कमी असला तरी गाठोडं बंद करायचं नाही. तिकडे टेबलावर माणूस असतो.”

सुनेनं चिठ्ठी परत एकदा वाचली. मग तळहातानं डोळे पुसत म्हणाली, “सहा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही, आई. माझ्यासुद्धा.”

 

सुनेनं पर्स बाजूला टाकली आणि नीट मांडी घातली. “चार वाजून गेले. पुठ्ठा उरलाय का?”

“आहे. पण मी आता...”

“तुम्ही कापा, मी लिहिते. नुसती नावं. ही माझी मात्र अशीच राहू दे.” मग जरा चाचरत म्हणाली, “आणि ते तुमचं पुडकं, मी बांधलेलं...”

“बघितलं मी. कोपरे फुगलेत. सकाळपासून हात शिवशिवतायत, पण बोलले नाही.”

सुनेला हसू फुटलं. “मग मी ते सोडते. ती घडी शिकवा मला. पण आत काय आहे ते बघायचं नाही.”

“डोळे मिटून शिकवते,” मावशी म्हणाल्या, आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी जमिनीवर येऊन बसल्या.

सहा चिठ्ठ्या झाल्या. सातवीला भोक पाडत असतानाच दारावरची घंटा वाजली. पाहुणे अर्धा तास आधीच टपकले होते. मावशींनी घाईघाईनं मांडीवरचे कपटे झटकले आणि खुर्चीकडे जायला हात टेकला. सुनेनं तो हात धरून ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली.

“अरे ऊठ, दार उघड जरा. आम्ही दोघी कामात आहोत.”