जिन्यावर कोण बसलं होतं

दादाने आयुष्यात मुलाखती भरपूर दिल्या होत्या आणि त्यातली जेमतेम एक पार पडली होती. त्यामुळे मुलाखत कशी द्यावी हे घरात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. औषधांच्या गोदामातून संध्याकाळी घरी आला की तो शर्टाचं वरचं बटण लावायचा, जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसायचा आणि गंभीर तोंडाने म्हणायचा, "नेक्स्ट."

नेक्स्ट म्हणजे कधी त्याची बहीण, कधी बायको. बहिणीला घरात सगळे चिमी म्हणत. कॉलेज संपून वर्ष होत आलं होतं आणि चिमी अजून घरातच होती. वहिनीने तर लग्नाआधीही नोकरी केली नव्हती. आता तिची लेक छकुली पूर्ण दिवस शाळेत जायला लागली, तेव्हा कुठे तिला वाटलं की आपणही काहीतरी करावं. मिक्सर, गिझर, कपडे धुण्याची मशीन असलं सगळं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रार खिडकीवर दोन जागा होत्या. दोन जागा आणि घरात दोन उमेदवार. दादा म्हणाला, "हे तर आपल्यासाठीच काढलंय." दोघींनी बरोबर निघायचं, बरोबर परतायचं, डबा एकाच पिशवीत न्यायचा, इथपर्यंत ठरलं. नोकरी मिळायची तेवढी बाकी होती.

"स्वतःबद्दल सांगा," दादा म्हणायचा.

"मी मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी आहे," चिमी एका दमात म्हणायची.

"अगं, सगळे तेच सांगतात. मी आळशी आणि लबाड आहे असं कोण सांगणार? माणूस दिसला पाहिजे, माणूस. बरं, पुढचा प्रश्न. चिडलेल्या माणसाला तुम्ही कधी शांत केलंय का?"

इथे चिमीची गाडी अडायची. चिडलेला माणूस दिसला की ती आपली खोली गाठायची, हा तिचा जन्माचा अनुभव. मग दादानेच तिला एक प्रसंग बनवून दिला. कॉलेजचा कार्यक्रम, माइक बंद पडला, पोरं खवळली, चिमीने स्टेजवर जाऊन सावरून घेतलं. चिमी स्टेजवर कधी चढलीच नव्हती. पण पाठ केलं.

वहिनीला मात्र काही बनवावं लागलं नाही. तिच्याकडे नोटीसकाका होते.

नोटीसकाका म्हणजे वरच्या मजल्यावरचे एकटे राहणारे गृहस्थ. इमारतीत कुठे चप्पल पडली, कुठे दिवा जळत राहिला, की दुसऱ्या दिवशी भिंतीवर त्यांची नोटीस. हे काका मागे एकदा लिफ्टमध्ये अडकले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आत अंधार, आणि काका दारावर धडाधड हात आपटताहेत, दम लागलाय, शब्द फुटत नाही. खालून सगळे ओरडत होते, घाबरू नका, घाबरू नका. त्यामुळे ते आणखी घाबरत होते. वहिनी कणकेच्या हातांनी तशीच धावली, लिफ्टच्या दाराशी जिन्यावर बसली आणि म्हणाली, "काका, या इमारतीत काय काय चुकतंय ते मला एकदा नीट सांगा बरं." झालं. काका सुरू झाले. पाण्याची टाकी, गच्चीची किल्ली, तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. ती आपली "बरं, पुढे" म्हणत राहिली. मेकॅनिकने येऊन दार उघडलं तर काका बाहेर येईनात. म्हणाले, "थांबा, अजून पार्किंगचं राहिलंय."

वहिनीने हे सांगितलं तेव्हा परीक्षक महाशय टेबलावर डोकं ठेवून हसले. चिमीही हसली. पण मनात तिला काहीतरी बोचलं, कारण त्या दिवशी ती घरातच होती. जिन्यातला गोंगाट नको म्हणून दार तिनेच आतून लावून घेतलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी दोघी वेळेआधी पोचल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एका फळीवर दुरुस्त झालेले मिक्सर, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, आणि जळक्या वायरीचा वास. समोरची मुलं ओठ हलवत पाठ म्हणत होती. चिमीच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनी मात्र त्या मिक्सरांकडे बघून म्हणाली, "बघ, हे सगळे बरे होऊन घरी जायची वाट बघताहेत." चिमीला हसूही आलं नाही.

शिपायाने आधी चिमीला आत बोलावलं.

आत एक चष्मेवाल्या बाई आणि एक साहेब. बाई बोलायला बऱ्या होत्या. साहेब उगीचच स्टेपलर उघडत मिटत होते. आणि तिसराच प्रश्न तो आला, चिडलेल्या माणसाचा. चिमीने माइकची गोष्ट सुरू केली. कॉलेजचा कार्यक्रम होता, माइक बंद पडला, पोरं खवळली.

"मग तुम्ही काय बोललात त्यांच्याशी? नेमके शब्द सांगा," बाई म्हणाल्या.

नेमके शब्द दादाने दिलेच नव्हते. चिमी त त प प करायला लागली. साहेबांनी स्टेपलर खाली ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. त्या बघण्याने तिचा धीर सुटला. आपण परत घरी जाणार, परत वर्षभर त्याच खोलीत बसणार, आणि दादा परत शर्टाचं बटण लावून बसणार.

"दुसरा एक प्रसंग सांगू का?" ती म्हणाली. "आमच्या इमारतीत एक काका आहेत. त्यांना आम्ही नोटीसकाका म्हणतो."

आता खरं सांगायचं तर सुरुवात करताना तिच्या मनात पाप नव्हतं. वहिनीचं नाव घ्यायचंच असं तिने ठरवलं होतं. पण नोटीसकाका म्हणताच बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं, साहेब पुढे सरकले, आणि वहिनीचं नाव घ्यायची जागा आली तेव्हा चिमीच्या तोंडून निघालं, "मग मी जिन्यावर जाऊन बसले." एकदा बसली ती बसलीच. पुढचं सगळं तिने वहिनीच्याच आवाजात सांगितलं, तसंच थांबत, तसंच "बरं, पुढे" म्हणत. कणकेचे हातसुद्धा सोडले नाहीत. पार्किंगचं ऐकून बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी चिमीला फार फार छान वाटलं.

ते छान वाटणं दारापर्यंत टिकलं. दार उघडलं तर समोर वहिनी, शिपायाने तिलाच पुकारलं होतं.

"कसं झालं गं?" वहिनी हळूच म्हणाली.

"बरं झालं."

"काय विचारतात?"

एवढा एक क्षण होता. नोटीसकाकांचं सांगू नकोस, मी सांगून बसलेय. इतकंच म्हणायचं होतं. वहिनीने चिडून बघितलं असतं, पण आत जाऊन दुसरं काहीतरी सांगितलं असतं. तिच्याजवळ सांगण्यासारखं कमी नव्हतं. चिमीने वहिनीच्या खांद्यावरची पिन नीट केली आणि म्हणाली, "नेहमीचंच."

वहिनी आत गेली. चिमी खुर्चीत बसून कान देऊन राहिली. आतून हसण्याचा आवाज काही आला नाही. दार उघडलं ते फारच लवकर. वहिनी बाहेर आली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल." बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. छकुलीला शाळेतून आणायचंय, एवढंच एकदा म्हणाली. चिमीने विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

संध्याकाळी दादा घरी आला तो दारातूनच विचारत. वहिनी म्हणाली, "मला काही आठवलंच नाही. गप्प बसून आले."

"गप्प? तू?" दादा म्हणाला. "घरात मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि तिथे मौनव्रत? अगं, नोटीसकाकांचं तरी सांगायचंस. हरभऱ्याच्या झाडावर चढवून पाठवलं होतं तुला, फांदीवरूनच पडलीस?"

तो चेष्टाच करत होता, स्वभावच तसा. पण थांबेना. वहिनी पदर खोचून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. चिमी तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"वहिनी, खरं काय झालं?"

वहिनीने नळ बारीक केला. "खरं तुला माहीत आहे. मी सुरू केलं, लिफ्ट, काका, अंधार. ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं आवडतंय, म्हणून आणखी रंगवून सांगत गेले. हातवारे करत होते गं मी. मग बाई म्हणाल्या, ही गोष्ट आत्ताच एका मुलीने सांगितली, पत्ताही तोच दिसतोय. तिची गोष्ट तुम्ही का सांगताय?"

चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो, तिचीच आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं."

"तू खरं सांगायचंस ना."

"आणि काय करायचं? नोटीसकाकांना साक्षीला न्यायचं? दोघींपैकी एक खोटी ठरणारच होती. तू लहान आहेस, तुझं सगळं पुढे आहे, असं काहीतरी मनात आलं. आता वाटतं, कशाला आलं?" वहिनीने पातेलं जोरात पालथं घातलं. "घाबरलीस, बोलून गेलीस, ते मी समजू शकते. पण दारात मी तुला विचारलं, चिमे. आणि तू माझी पिन लावत बसलीस."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. फोन चिमीचा होता, पण उचलला दादाने आणि लगेच मोठ्या आवाजावर टाकला, कारण आनंदाच्या बातम्या त्याला सगळ्यांना ऐकवायच्या असत. चष्मेवाल्या बाईच होत्या. चिमीची निवड झाली होती. "आमचे साहेब अजून हसताहेत त्या लिफ्टवर," बाई म्हणाल्या.

दादा नाचायचा बाकी राहिला. त्याने फोन तळव्याने झाकला, स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि म्हणाला, "ऐकलंस का? लिफ्टची गोष्ट हिने सांगितली. गोष्ट तुझी आणि ऐन वेळी आठवली हिला. शीक जरा हिच्याकडून."

भांड्यांचा आवाज थांबला. चिमीला वाटलं, आता वहिनी बाहेर येईल आणि सगळं बोलून टाकेल. यावं, बोलावं, एकदाचं होऊन जावं. पण वहिनी बाहेर आली नाही.

"बाई," चिमी दादाच्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "ती गोष्ट माझी नाही. माझ्यानंतर आत आल्या त्या माझ्या वहिनी. जिन्यावर त्या बसल्या होत्या. मी घरात दार लावून बसले होते."

दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पलीकडून बाईंनी विचारलं, "मग ती तुमची आहे असं त्या का म्हणाल्या?"

"मला वाचवायला."

"मग मी तुमचं नाव यादीत ठेवू शकत नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

बोलून टाकल्यावर हलकं वाटतं असं तिने ऐकलं होतं. कसलं हलकं? दादा तिच्याकडे बघत होता.

"एक जागा अजून आहे," बाई म्हणाल्या. "वहिनींना उद्या परत पाठवा. खरं काय ते साहेबांसमोर एकदा विचारून घेऊ."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. तिने सगळं ऐकलं होतं. दादाने फोन चिमीकडून घेऊन तिच्या कानाला लावायला पुढे केला, तशी ती मागे सरली आणि दादाने फोनवर तळवा दाबला.

"मी नाही बोलणार," ती म्हणाली. "मला खोटी ठरवायला त्यांना दोन मिनिटं पुरली. आता खरी ठरायला मी परत तिथे हात जोडून बसणार नाही. कामाला बोलावलं तर येईन. चौकशीला येणार नाही."

"अगं पण ही जागा..." दादा म्हणाला.

"मला पण हवीये ती जागा," वहिनी म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, नकोय?"

फोनमधून बाई हॅलो हॅलो करत होत्या. दादाने फोन बहिणीच्या हातात दिला.

"काय सांगू त्यांना?" चिमीने विचारलं.

"मी म्हणाले तेच सांग. जसंच्या तसं." वहिनी तिच्याकडे सरळ बघत म्हणाली, "आणि ह्या वेळी, मी म्हणाले असं सांग."

चिमीने फोन तोंडाशी धरला. "माझ्या वहिनी म्हणतात," तिने सुरुवात केली, आणि पुढचं एकेक वाक्य तिने वहिनीकडे बघत, विचारून घेतल्यासारखं, हळूहळू सांगितलं. पलीकडे बाई ऐकत होत्या. वहिनी हात पुसायचं विसरून तिथेच उभी होती, आणि साबणाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.