पैलवानाचा आवाज

माझ्या केबिनच्या दारावर मीच एक पाटी लावली आहे: ‘तोंडी काही नाही. मेल करा.’ लोक हसतात, हसू देत. आमच्या लॉन्ड्रीत चार हॉस्पिटलांच्या चादरी धुतल्या जातात. मागच्या वर्षी एकाच्या चादरी दुसऱ्याकडे गेल्या, तेव्हा गाडीवाला छातीठोकपणे म्हणाला, “मॅडमना सांगितलं होतं की!” मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण साहेबांनी विचारलं, “लेखी काय आहे?” आणि लेखी काहीच नव्हतं. नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून मी शहाणी झाले, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी साडेदहाला मिस्त्री दारात आले. आमची सगळी यंत्रं तेच सांभाळतात. साठीला टेकलेले आहेत, बोलणं मोजकं.

“मॅडम, पैलवानाचा आवाज...”

पैलवान म्हणजे ओल्या चादरी गरागरा फिरवून पिळणारं आमचं सगळ्यात मोठं यंत्र. मी स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

“मिस्त्री, पाटी आहे ना दारावर? मेल करा, बघते मी.”

ते “बरं” म्हणाले आणि गेले.

त्या ‘बरं’ने माझं डोकं खाल्लं. अकरा वाजले, मेल नाही. साडेअकराला साबणवाल्याचा मेल आला, मग साहेबांचे लागोपाठ दोन: चार वाजेपर्यंत मोठ्या हॉस्पिटलचा सगळा माल निघालाच पाहिजे. मिस्त्रींचा काही नाही. सकाळी पैलवान अर्ध्याच मालावर चालतो. एक वाजता त्यात पूर्ण माल पडणार होता. आणि त्याच्यापासून चार पावलांवर घड्या घालायचं टेबल आहे. तिथे आमची अक्का आणि तिच्या पाच जणी दिवसभर उभ्या असतात. इतका जड ड्रम पूर्ण वेगात सुटला तर भिंतसुद्धा त्याला अडवणार नाही.

मग खाली का गेले नाही? जिना अवघा अठरा पायऱ्यांचा. पण आज एकदा गेले की उद्यापासून दारात रांग, हे एक कारण. दुसरं सांगायला लाज वाटते. मी जाऊन तो आवाज ऐकला असता तर तो माझा झाला असता. न ऐकलेल्या आवाजाचा जाब कोण विचारणार? म्हणून मी बसून राहिले, दर दोन मिनिटांनी मेल बघत. चहा गार झाला. खालून नेहमीची घरघर येत होती आणि मला त्यात नाही नाही ते ऐकू येऊ लागलं.

एकला दहा मिनिटं असताना मला बसवेना. चरफडतच खाली उतरले. एक मेल करायला या माणसाला अडीच तास लागतात!

मिस्त्री पैलवानापाशीच उभे होते. त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक यंत्राच्या बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली.

“ऐका.”

आधी नुसती घरघर. मग तिच्या आत काहीतरी कचकन लागलं, घासात खडा लागावा तसं. पुन्हा लागलं.

मी साहेबांना फोन लावला. “साहेब, पैलवान बंद करावा लागेल.”

“आज? वेड लागलंय का? मी मीटिंगमध्ये आहे. कारण लिहून मेल करा, मग ठरवू.”

फोन बंद. मी मोबाईलवर लिहायला घेतलं. ‘आवाज येतो आहे.’ खोडलं. ‘वेगळा आवाज येतो आहे.’ कसला वेगळा? मागे अक्का कुणाची तरी थट्टा करत होती, बाकीच्या हसत होत्या, आणि दोन जण पूर्ण मालाची गाडी ढकलत यंत्राकडे येत होते.

मोबाईल खिशात टाकला आणि लाल बटण दाबलं.

ड्रम थांबायला चार मिनिटं लागली. आणखी पंधरा मिनिटांनी मिस्त्रींनी आतलं बेअरिंग काढून फडक्यावर ठेवलं. त्याचे तीन तुकडे झाले होते. ज्या बोल्टांवर ड्रम उभा होता, त्यातला एक अर्धा चिरला होता.

“पूर्ण माल पडला असता तर?” मी विचारलं.

मिस्त्रींनी नुसतं घड्यांच्या टेबलाकडे बघितलं.

भीतीचा माझा लगेच राग होतो. “मग मेल का नाही केलात? सकाळपासून वाट बघतेय मी!”

“केला होता की. सोमवारी.”

“सोमवारी?”

“उत्तरही आलं तुमचं.” त्यांनी चष्मा लावून मोबाईल पुढे केला. ‘आपला मेल मिळाला. क्रमाने उत्तर दिलं जाईल.’ ते उत्तर आपोआप जातं. मीच ते लावून ठेवलं आहे. “चार दिवस वाट बघितली. तेच पुन्हा काय लिहायचं, म्हणून आज तोंडी सांगायला आलो.”

मी तिथेच उभ्या उभ्या माझा मेल उघडला. सकाळभर मी फक्त सगळ्यात वरचं बघत होते. खाली जात गेले, गुरुवार, बुधवार, मंगळवार. होता. विषय कोरा, न वाचलेला. ‘मॅडम, पैलवान आतून वाजतो. कसा ते लिहिता येत नाही. दोन मिनिटं खाली येऊन ऐकता का.’

साहेबांचा फोन आला. “काय हो, यंत्र बंद का म्हणे? मिस्त्रीने वेळेवर कळवायला नको? लेखी काय आहे?”

एका बोटाने तो मेल पुसता आला असता. टेबलापाशी अक्का आणि तिच्या पाच जणी चादरी सोडून आमच्याकडे बघत होत्या.

“आहे ना साहेब, लेखी आहे,” मी म्हटलं, आणि सोमवारच्या तारखेसकट तो मेल त्यांना पाठवून दिला.