भाजलं म्हणायची लाज

नवसाबाईंच्या सासरी भाकरी हातानेच उलटायची असते आणि 'भाजलं' म्हणायचं नसतं. नवी सून असताना त्यांच्या तोंडून एकदाच तो शब्द निघाला, तर सासूने भावकीतल्या बायका जमवून त्यांचं हसं केलं होतं. पुढे चुलीतला निखारा चिमटीत धरणारी बाई अशी त्यांची ख्याती झाली. खोटं कशाला सांगायचं, त्यांना या ख्यातीचा गर्वही होता.

म्हणून गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टर तृप्तींनी उष्णतेचा उपचार सुचवला, तेव्हा घाबरली ती त्यांची सून छाया. नवसाबाईंचा स्तनाचा कॅन्सर ऑपरेशननंतर छातीच्या कातडीवर पुन्हा उगवला होता. तिथे शेक दिला की रेडिएशनची किरणं जास्त लागू पडतात, असं डॉक्टर म्हणाल्या. नवसाबाईंना भीतीपेक्षा कुतूहलच जास्त. शेक एकच, मग वाईट मांस मरतं आणि शेजारचं चांगलं कसं वाचतं? उकळत्या पाण्याला कुठे मेथी आणि गवत वेगळं कळतं?

डॉक्टरांनी समजावलं की चांगल्या मांसातून रक्त मोकळं वाहतं आणि जाताना शेकाचा ताप घेऊन जातं. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, तिथे तो कोंडतो. हे त्यांना लगेच पटलं. मळ्यातला झेंडू गोणीत दाबून भरला की बाजार गाठेपर्यंत मधली फुलं तापून काळी पडतात, कडेची वाऱ्याने टवटवीत राहतात. उभा जन्म त्यांनी गोणीत कोपरापर्यंत हात घालून हेच तर पाहिलं होतं.

यंत्र चालवणाऱ्या रोहिणीने छातीवर पाण्याची पिशवी ठेवली, वर यंत्र टेकवलं आणि कुठे भाजल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, असं बजावलं. थोड्या वेळाने काखेजवळ चांगलंच चरचरायला लागलं. रोहिणीने विचारलं, तर नवसाबाई छताकडे बघत "काही नाय" म्हणाल्या. त्यांचा हिशोब सरळ होता. जास्त भाजलं तर गाठ जास्त मरेल.

दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला.

डॉक्टर रागावल्या नाहीत, ते नवसाबाईंना जास्त लागलं. फोड गाठीवर नव्हता, शेजारच्या निरोगी कातडीवर होता. तो चिघळला तर शेक आणि किरणं दोन्ही थांबवावी लागणार होती, आणि तोवर गाठ काही थांबून राहणार नव्हती. एवढ्या आजारपणात पहिल्यांदाच त्या घाबरल्या.

"पण रगत ताप घेऊन जातं म्हनला होता ना?" त्यांनी विचारलं.

"जातं, पण त्यालाही मर्यादा असते. मावशी, तापमान मोजणाऱ्या तारा आम्ही काहीच ठिकाणी लावतो. त्यांच्या मधल्या जागेत काय चाललंय ते फक्त तुम्हाला कळतं. तुम्ही सांगितलंत तर आम्ही ताप कमी करू, पिशवी सरकवू. गाठ मरायला तुम्ही भाजायची काही गरज नाही."

फोड सुकेपर्यंतचे दिवस नवसाबाईंनी जीव मुठीत धरून काढले. नशिबाने तो फुटला नाही. पुढच्या खेपेला काखेजवळ पुन्हा चरचरलं.

"ताई, इथं भाजतंय."

इतक्या हळू म्हणाल्या की रोहिणीला पुन्हा विचारावं लागलं. मग तिने ताप उतरवला, पिशवी नीट बसवली आणि उरलेला शेक सुखाने पार पडला. कुणी हसलं नाही. एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं सोसून काय कमावलं, असं नवसाबाईंना वाटून गेलं.

संध्याकाळी घरी छाया भाकरी उलटत होती. तिने बोट झटकन मागे घेतलं आणि पदरात लपवलं. भाजलं का, असं नवसाबाईंनी विचारलं.

"काही नाय, आई."

नवसाबाईंना राग आला, पण छायाचा नव्हे. त्या उठून उलथनं शोधायला लागल्या. त्या घरात उलथनं कुठलं असायला? शेवटी त्यांनी कालवणाचा डाव तिच्या हातात दिला.

"घे. आन् भाजलं तर भाजलं म्हनत जा. मला ऐकू येऊ दे."